पीक कापणी प्रयोग : शेते किती यापेक्षा शेते कोणती, हे आधी विचारा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

पीक विम्याच्या भरपाईविषयीच्या बातम्यांमध्ये आणि आपल्या पत्रस्तंभातही एक प्रश्न वारंवार वाचायला मिळतो : हजारो शेतकऱ्यांच्या महसूल मंडळाचा, म्हणजे काही गावांच्या गटाचा, निकाल जेमतेम १० शेतांतल्या पीक कापणी प्रयोगांवरून, म्हणजे शेताच्या ठरावीक तुकड्यातले पीक कापून केलेल्या वजनावरून, कसा काय लावला जातो? मी शेतकऱ्याच्या घरात जन्मलो आणि पुढे महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवले, त्यामुळे या प्रश्नामागचा संताप मला समजतो आणि तो रास्तही वाटतो. मात्र तो ज्या शब्दांत विचारला जातो, त्या शब्दांमुळे उत्तर देणाऱ्याची सुटका फार सहज होते. ‘१० प्रयोग नियमाप्रमाणेच झाले आहेत’ एवढे सांगितले की विषय मिटतो. ती १० शेते कोणती होती, ती कोणी व कशी निवडली, हा प्रश्न विचारला गेला असता तर असे उत्तर पुरले नसते.

हा विषय आता पूर्वीपेक्षा अधिक जिव्हाळ्याचा झाला आहे, कारण राज्याने २०२५ च्या खरीप हंगामात एक रुपयात विमा बंद करताना भरपाईचा आधारही हंगामाअखेरच्या उत्पादनापुरता मर्यादित केला आणि ते ठरवण्यात पीक कापणी प्रयोगांचा मोठा वाटा असतो. हिशेबाची रीत अशी आहे : मागील ७ वर्षांपैकी सर्वाधिक उत्पादनाच्या ५ वर्षांची सरासरी काढायची, तिला जोखीमस्तराने, म्हणजे आपल्याकडे ७० टक्क्यांनी गुणायचे आणि येईल ते उंबरठा उत्पादन मानायचे. यंदाचे सरासरी उत्पादन उंबरठ्याच्या जितके खाली, त्या प्रमाणात भरपाई मिळते. उंबरठा हेक्टरी १४ क्विंटल आणि विमा संरक्षित रक्कम हेक्टरी ५० हजार रुपये धरू. मंडळाचे उत्पादन ११ क्विंटल ठरले तर सुमारे १०,७०० रुपये मिळतात आणि १३ क्विंटल ठरले तर सुमारे ३,६०० रुपये. दोन क्विंटलांच्या फरकाने प्रत्येक हेक्टरमागे सात हजारांहून अधिक रुपये येतात किंवा जातात.

आता काही शब्दांचा अर्थ नीट ठरवून घेणे आवश्यक आहे, कारण चर्चेतला बराच गोंधळ शब्दांचा आहे. मंडळातली सोयाबीनची सगळी शेते मिळून जे होते त्याला संख्याशास्त्रात समष्टी म्हणतात आणि त्यातून मोजणीसाठी घेतलेल्या १० शेतांना नमुना. समष्टीची खरी सरासरी हे तिचे प्राचल. ते एक ठरलेले परंतु अज्ञात मूल्य असते. नमुन्यावरून काढलेली सरासरी हा त्याचा केवळ अंदाज, जो दुसरी १० शेते घेतली असती तर वेगळा आला असता. ज्या यादीतून शेते उचलायची त्या यादीला नमुना चौकट म्हणावे. शासकीय आदेशात आणि बातमीत ‘मंडळाचे उत्पादन’ असे छापले जाते तेव्हा तो अंदाज असतो, प्राचल नव्हे. आणि अंदाज म्हटला की त्याच्या खरेपणाची हमी निवडीच्या पद्धतीतूनच यावी लागते.

ती पद्धत म्हणजे यादृच्छिक निवड. हा शब्द फार चुकीच्या अर्थाने वापरला जातो. ‘कुठलेही घ्या’ असा त्याचा अर्थ नाही. माणसाच्या मर्जीला वाव न देता, प्रत्येक शेताला निवडले जाण्याची आधीच ठरलेली संधी देऊन, चिठ्ठ्या टाकून किंवा यादृच्छिक संख्यांच्या तक्त्यावरून केलेली निवड, हा त्याचा अर्थ आहे. आपल्याकडची पीक कापणीची रीत कागदावर या कसोटीला पूर्ण उतरते. आधी गावे यादृच्छिक पद्धतीने निवडायची, मग त्या गावात ते पीक असलेल्या गटांतून त्याच पद्धतीने गट निवडायचा आणि शेवटी शेताच्या नैऋत्य कोपऱ्यापासून लांबी-रुंदी पावलांनी मोजून, पुन्हा यादृच्छिक संख्येनेच प्लॉटची जागा ठरवायची. बहुतेक धान्यपिकांसाठी हा प्लॉट १० मीटर लांब व ५ मीटर रुंद असतो. टप्प्याटप्प्याने होणाऱ्या या निवडीला बहुस्तरीय नमुना निवड म्हणतात. शेताच्या आत कुठे उभे राहायचे हेसुद्धा माणसाच्या मनावर सोडलेले नाही, यात पद्धत घडवणाऱ्यांचा केवढा विचार आहे हे लक्षात यावे.

प्रत्यक्षात काय होते, याचा एक प्रसंग मी स्वतः पाहिला आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या चुलतभावाचा गट प्रयोगासाठी निवडला गेला होता. शेत नाल्यापलीकडे, वाट चिखलाची. आलेल्या कर्मचाऱ्याकडे त्याच दिवशी आणखी दोन गावे होती. त्यांनी रस्त्यालगतच्या दुसऱ्या शेतात दोरी धरली, कापणी-मळणी केली, वजन घेतले आणि पंचनाम्यावर सह्या झाल्या. त्यात कोणाचा दुष्ट हेतू होता असे मला तेव्हाही वाटले नाही आणि आजही वाटत नाही. पण त्या क्षणी यादृच्छिक नमुन्याचा सोयीचा नमुना झाला. रस्त्यालगतच्या शेताला खत वेळेवर पोहोचते, फवारणीचे यंत्र पोहोचते, मालकाची नजरही रोज पडते. नाल्याकाठच्या शेतात पाणी साचते. अतिवृष्टीच्या वर्षी तर वाट चिखलाची असण्याचे आणि पीक बुडण्याचे कारण एकच असते, म्हणजे ज्या शेतांचे नुकसान मोजायचे तीच मोजणीतून वगळली जातात.

येथे दोन प्रकारच्या चुका वेगळ्या ओळखल्या पाहिजेत. पहिली चूक योगायोगाची असते : १० शेते प्रामाणिकपणे निवडली तरी कधी चांगली शेते जास्त येतील, कधी वाईट. या चुकीला नमुना त्रुटी म्हणतात आणि तिचा आकार आधी सांगता येतो. मंडळातील शेतांच्या उत्पादनाचे प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीपासून शेते साधारणपणे किती दूर पसरलेली आहेत याचे माप, हेक्टरी ६ क्विंटल धरले तर १० शेतांच्या सरासरीची प्रमाण त्रुटी ६ भागिले १० चे वर्गमूळ, म्हणजे सुमारे १.९ क्विंटल येते. तीनपैकी साधारण दोन वेळा अंदाज खऱ्या सरासरीच्या एवढ्या अंतराच्या आत राहील, एक वेळ बाहेर जाईल. ही प्रमाण त्रुटी निम्मी करायची तर शेते दुप्पट करून भागत नाही, चौपट, म्हणजे ४० करावी लागतात. मंडळात सोयाबीनची ५ हजार शेते आहेत की ५० हजार, याने या हिशेबात जवळजवळ काहीच फरक पडत नाही. ‘हजारो शेतांमागे १०’ हा युक्तिवाद त्यामुळे ऐकायला जोरकस असला तरी शास्त्राला धरून नाही.

तथापि ‘१० शेते कमी आहेत’ ही तक्रार अगदीच निराधार आहे, असेही मी म्हणणार नाही. योजनेच्या नियमांनुसार किमान प्रयोग मंडळासाठी १०, तालुक्यासाठी १६ आणि जिल्ह्यासाठी २४ आहेत. अनेक मंडळांचे आकडे एकत्र येऊन जिल्ह्याचा किंवा राज्याचा अंदाज बांधला जातो तेव्हा योगायोगाच्या चुका एकमेकींना खोडतात व आकडा भरवशाचा होतो; भरपाई मात्र मंडळाच्या एकट्या आकड्यावर मिळते. वर दाखवलेला दोन क्विंटलांचा फरक केवळ योगायोगानेही पडू शकतो. शिवाय १० प्रयोग ५ गावांत दोन-दोन असे झाले असतील तर त्या १० स्वतंत्र साक्षी नव्हेत, कारण एका गावातील दोन शेतांवर पाऊस एकच पडलेला असतो.

दुसरी चूक पूर्वग्रहाची, संख्याशास्त्राच्या भाषेत अभिनतीची. ती नेहमी एकाच बाजूला ओढते. रस्त्यालगतची १० शेते घेतली काय आणि १०० घेतली काय, अंदाज तितकाच चुकलेला राहतो. उलट १०० चा आकडा पाहून आपला विश्वास मात्र वाढतो. म्हणूनच मी संख्येचा प्रश्न दुसरा आणि निवडीचा पहिला मानतो. कोणी म्हणेल की दरवर्षी रस्त्यालगतचीच शेते मोजली तर उंबरठाही तितकाच फुगेल आणि चूक आपोआप फिटेल. चांगल्या वर्षी ते काही अंशी खरे आहे. पण अतिवृष्टीच्या वर्षी रस्त्यालगतच्या आणि नाल्याकाठच्या शेतांतले अंतर एकदम वाढते आणि नेमक्या त्याच वर्षी भरपाईची गरज असते.

‘शितावरून भाताची परीक्षा’ ही आपली म्हण नमुना निवडीचेच सूत्र सांगते, पण ती एका भांड्यात सारखा शिजलेला भात गृहीत धरते. मंडळ तसे नसते. काळी भारी जमीन, मुरमाड माळ, विहिरीखालचे बागायत, पूर्ण कोरडवाहू, असे चार भात एकाच चुलीवर असतात आणि प्रत्येक भांड्यातले शीत चेपावे लागते. याला स्तरित नमुना निवड म्हणतात : समष्टीचे आतून एकसारखे असे स्तर पाडायचे आणि प्रत्येक स्तरातून यादृच्छिक पद्धतीनेच शेते घ्यायची. हे न केल्यास काय होते ते पाहा. १० शेतांचे हेक्टरी उत्पादन ८, ९, ९, १०, ११, ११, १२, १२, १३ आणि ३५ क्विंटल आले, तर सरासरी १३ होते. त्यातले पाणी दिलेले एक शेत बाजूला ठेवले तर उरलेल्या ९ शेतांची सरासरी १०.६ च्या आसपास येते आणि सर्व १० शेतांचा मध्यक, म्हणजे चढत्या क्रमातले मधले मूल्य, ११ आहे. ते ३५ चे शेत वगळावे असे माझे म्हणणे नाही. मंडळातील दहावा हिस्सा खरोखर तसा असेल तर ते असलेच पाहिजे. पण बागायत विसाव्या हिश्श्याचेच असेल तर त्या एका शेताने साऱ्या मंडळाच्या भरपाईचा मोठा वाटा खाल्लेला असतो.

पद्धतशीर निवड, म्हणजे यादीतील पहिले नाव चिठ्ठीने काढून पुढे प्रत्येक विसावे घेणे, ही सोपी रीतही चालते. यादीला काही लय नसावी, म्हणजे ठरावीक अंतराने एकाच प्रकारचे शेत येऊ नये, एवढेच पाहावे लागते.

मोजणीतील बारीक चूकही किती महागात पडते हे एका मराठी माणसाने फार पूर्वी दाखवून दिले आहे. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ मध्ये जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे फर्ग्युसन महाविद्यालयातून लंडनला गेले, तेथे १९३५ मध्येच स्तरित नमुन्यावर संशोधन प्रसिद्ध केले आणि परतल्यावर कृषी संशोधन परिषदेत पीक कापणीच्या पद्धतीचा पाया घातला. त्या काळी भारतीय सांख्यिकी संस्थेचे संस्थापक प्रशांतचंद्र महालनोबीस यांचा कल लहान प्लॉट घेण्याकडे होता, कारण त्यामुळे कमी खर्चात पुष्कळ ठिकाणे पाहता येतात. सुखात्म्यांनी १९४६ मध्ये दाखवले की लहान प्लॉटमुळे उत्पादन फुगून दिसते. कारण साधे आहे : हद्दीवरचे झाड आत धरायचे की बाहेर, अशी शंका आली की कापणाऱ्याचा हात ते आत घेतो. १० बाय ५ मीटरच्या प्लॉटला ५० चौरस मीटरमागे ३० मीटर हद्द असते, म्हणजे चौरस मीटरला ०.६ मीटर, एक मीटर चौरसाच्या प्लॉटला ती ४ मीटर असते. दोघेही थोर शास्त्रज्ञ आणि वाद कडाक्याचा, पण तो खुल्या चर्चेत आणि आकडे समोर ठेवून झाला. आज पीक कापणीच्या वेळी दोरी सैल धरली जाते तेव्हा मला त्या वादाची आठवण होते.

राहिली नमुना चौकट. पिकाची नोंद आता ई-पीक पाहणीतून, म्हणजे मोबाईल ॲपवर केलेल्या नोंदीतून होते. जी शेते त्या यादीत आलीच नाहीत त्यांना निवडले जाण्याची संधी शून्य असते, मग पुढची पद्धत कितीही निर्दोष असो. बटाईने कसणारे, मोबाईलला रेंज नसलेल्या शिवारातले, नोंद करायची राहून गेलेले वृद्ध शेतकरी यांच्या जमिनी बहुधा सरस नसतात. यादीतून त्या गळाल्या तर अंदाज पुन्हा वरच्याच बाजूला सरकतो.

यावर महाग उपाय सुचवण्याची माझी इच्छा नाही. निवडलेल्या गटांचे क्रमांक आणि ते ज्या यादृच्छिक संख्यांवरून आले त्या संख्या, पीक उभे असतानाच ग्रामपंचायतीच्या फलकावर लावाव्यात. निवडलेले शेत बदलावे लागले तर बदलाचे कारण आणि पर्यायी गट कोणत्या नियमाने घेतला हे त्याच फलकावर लिहावे. प्रयोगाची छायाचित्रे व अक्षांश-रेखांश मोबाईल ॲपवर नोंदवले जातातच. ते गावाला पाहता यावेत. मंडळाची सरासरी जाहीर करताना १० ही शेतांचे वेगवेगळे आकडे आणि प्रमाण त्रुटी जाहीर करावी, म्हणजे उंबरठ्याच्या अगदी जवळ पडलेल्या मंडळांत पुढील हंगामात प्रयोगांची संख्या वाढवण्याची मागणी पुराव्यानिशी करता येईल.

आणि एक विनंती आपल्या दैनिकाला. पीक कापणी असो, निवडणूकपूर्व चाचणी असो वा संकेतस्थळावर घेतलेला वाचकांचा कौल असो, नमुन्यावर आधारलेला आकडा छापताना समष्टी कोणती, यादी कोठून घेतली, निवड कोणत्या पद्धतीने केली, नमुना किती आणि त्रुटी किती, हे दोन ओळींत जोडावे. ज्यांना वाटले त्यांनी उत्तर दिले अशा कौलाखाली तसे स्पष्ट लिहावे. या हंगामातील पीक कापणीचे आकडे जाहीर होतील तेव्हा या ओळींची सुरुवात आपल्या जिल्हा पानापासून करता येईल. मंडळनिहाय तक्ता समजावून देण्याच्या कामी माझी मदत लागल्यास मी ती आनंदाने करीन.

कळावे, लोभ असावा.

आपला विश्वासू,
संख्याशास्त्राचा एक निवृत्त प्राध्यापक,
मराठवाडा