ताई, आमच्या आईचं नाव लिहिल्याबद्दल

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

आईची अँजिओप्लास्टी झाली तेव्हा डॉक्टरांचे आभार आम्ही तिथल्या तिथे मानले होते. तुमचे राहून गेले. ते चारचौघांत मानावेत असं वाटलं, कारण तुम्ही जे केलंत ते फार थोड्या बायकांच्या वाट्याला येतं.

हृदयविकारानंतर देखरेखीखाली व्यायाम, आहार, तंबाखू सोडवणं, मनातली भीती घालवणं असा काही आठवड्यांचा कार्यक्रम असतो, त्याला हृदय पुनर्वसन म्हणतात. त्यामुळे पुन्हा भरती व्हायची वेळ कमी येते, हृदयविकाराने होणारे मृत्यूही घटतात. शेजारच्या खाटेवरच्या काकांना हे सगळं समजावून सांगितलं गेलं. आईच्या हातात फक्त गोळ्यांची चिठ्ठी आली. विचारलं तर उत्तर मिळालं, "बाईमाणूस आहे, घरकाम करतातच की."

तुम्ही ते ऐकलंत आणि थेट आईलाच विचारलंत, "दिवसभर काय करता?" ती सोलापूरच्या पूर्व भागातली विडी कामगार. मांडीवर सूप घेऊन सकाळपासून बसते ती दिवेलागणीपर्यंत. "मग हे कष्ट झाले, हृदयाचा व्यायाम नाही झाला," असं म्हणत तुम्ही त्या कार्यक्रमात तिचं नाव लिहिलंत.

व्यायामाच्या हॉलमध्ये सगळे पुरुष. ट्रेडमिलवर साडीत चढायची आईला धास्ती वाटली, तर तुम्ही तिला बाहेरच्या लांब व्हरांड्यात नेलंत. सहा मिनिटं चालायचं, किती अंतर होतं ते बघायचं. तिच्या बरोबरीने चालत तुम्ही तिच्या तेलुगूत "मेल्लगा, अम्मा" (हळू, अम्मा) म्हणत होतात आणि मधेच घरची चौकशी करत होतात. बोलताना धाप लागत नाही ना, हे त्यातून तुम्ही बघत होतात, ते मला मागाहून कळलं. मिश्रीचंही असंच. न रागावता विचारलंत, म्हणून तिने खरं सांगितलं, आणि सोडली.

पुढे ती यायची थांबली, तेव्हा "पेशंटलाच गरज वाटत नाही" असा शेरा मारून फाइल बंद करणं सोपं होतं. तुम्ही फोन केलात. सकाळची बॅच आणि कारखान्यात माल द्यायची वेळ एकच होती. मजुरी हजार विड्यांवर. खाडा झाला की पैसे गेले, वर रिक्षाभाडं. तुम्ही तिला दुपारनंतरची वेळ दिलीत, बाकीचे दिवस घरी करायचे व्यायाम वहीत चित्रं काढून दिलेत, कारण तिला वाचता येत नाही. सोलापूरचा उन्हाळा लक्षात घेऊन चालणं पहाटेचं ठरवलंत.

2020 साली प्रसिद्ध झालेल्या, योगावर आधारित हृदय पुनर्वसनाच्या मोठ्या भारतीय अभ्यासाबद्दल मी वाचलं. 24 केंद्रं, जवळपास 4,000 रुग्ण, आणि त्यातले 86 टक्के पुरुष. एवढ्या मोठ्या कामातही बायका इतक्या कमी, हे वाचून जीव तुटला. बायकांना हृदयविकार होत नाही असं थोडंच आहे? त्यांना कुणी पाठवत नाही, सोबत यायला कुणी मोकळं नसतं, आणि वेळा ठरवताना त्यांच्या दिवसाचा विचार होत नाही.

आई आता दम न लागता जिना चढते. तिची वही बघून गल्लीतल्या दोघी माझ्याकडे आल्या. दोघींची अँजिओप्लास्टी झालेली आहे, व्यायामाचं कुणी सांगितलेलं नाही. पुढच्या आठवड्यात त्यांचे कागद घेऊन येते. त्यांनाही दुपारनंतरचीच वेळ द्या, ताई. एकीला फक्त तेलुगू येतं, आई सोबत बसेल.

तुमची कृतज्ञ,
तुमच्या एका पेशंटची मुलगी