रिकाम्या परतलेल्या होडीचीही नोंद हवी : मासे मोजणीसाठी माणसं, साहित्य आणि जुन्या वह्या द्या

सर्व होडीमालक, तांडेल, खलाशी, मासे विकणाऱ्या भगिनी आणि व्यापारी यांना नम्र आवाहन.

धक्क्यावर आज लिहिला जातो तो लिलाव : कुणाच्या किती पाट्या आणि काय भाव. पैशाच्या हिशेबाला एवढं पुरतं, समुद्राच्या हिशेबाला पुरत नाही. वीस पाट्या दोन तासांत भरल्या की दोन दिवस जाळी ओढून, हे त्या वहीत सापडत नाही. जी होडी रिकामी आली, तिची तर ओळही नसते. मासा कमी होऊ लागला की फेऱ्या लांबतात, रिकाम्या फेऱ्या वाढतात, आणि पाट्यांचा आकडा मात्र काही वर्षं तसाच दिसत राहतो. म्हणून समितीने पुढचे १२ महिने धक्क्यावर मोजणी करायचं ठरवलं आहे.

नुसत्या मोठ्या आकड्यावर विसंबलं की काय होतं, ते कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या लोकांनी भोगलं आहे. १९८० च्या दशकात तिथले छोट्या होड्यांवाले सांगत होते की किनाऱ्यालगत कॉड हा मासा मिळेनासा झालाय. खोल समुद्रातल्या ट्रॉलरना मात्र भरपूर मिळत होता, कारण उरलेला कॉड दाट थव्यांनी एका जागी गोळा होत होता आणि ट्रॉलर नेमके तिथेच जात होते. महत्त्व ट्रॉलरच्या आकड्यांना मिळालं. २ जुलै १९९२ ला कॉडची मासेमारी बंद करावी लागली आणि सुमारे ३०,००० लोकांचा रोजगार गेला.

मोजणीसाठी १२ स्वयंसेवक हवेत. दोघांची जोडी, आठवड्यातून दोन दिवस, होड्या लागण्याच्या वेळेला साधारण तीन तास. दिवस चिठ्ठी टाकून ठरतील. गर्दीचाच दिवस निवडला तर आकडा फुगतो. उधाण (मोठी भरती-ओहोटी) आणि भांग (लहान भरती-ओहोटी) दोन्हींचे दिवस यायला हवेत, कारण प्रवाहाच्या जोरावर चालणाऱ्या जाळ्यांना उधाणात जास्त मिळतं.

प्रत्येक फेरीच्या पाच गोष्टी लिहायच्या : निघाल्याची आणि परतल्याची वेळ, जाळ्याचा प्रकार, जाळ्याची लांबी आणि आस (जाळ्याच्या छिद्राचं माप), जाळं किती तास पाण्यात होतं, आणि जातीनुसार वजन. काहीच मिळालं नाही तर शून्य लिहायचं. रकाना कोरा सोडायचा नाही, कारण नंतर वाचणाऱ्याला कोरा म्हणजे शून्य की विसरलेलं, हे कळत नाही.

लांबी मोजण्यासाठी पाटी निवड होण्याआधीच घ्यायची. मोठा मासा वेगळा काढल्यावर उरलेल्यातून मोजलं तर सगळाच मासा बारीक दिसतो; लिलावात मोजलं तर पिल्लं दिसतच नाहीत. एका पाटीतले सगळे मासे मोजायचे, हाताला येतील ते नव्हे, कारण हात आपोआप मोठ्याकडेच जातो. तोंड मिटवून, मुस्कट मोजफळीच्या (मापाच्या खुणा असलेल्या फळीच्या) टोकाला टेकवून मासा सरळ ठेवायचा. बांगडा, सुरमई यांसारख्या खाच असलेल्या शेपटीच्या माशाची लांबी खाचेपर्यंतच घ्यायची. एकाने खाचेपर्यंत आणि दुसऱ्याने टोकापर्यंत मोजलं तर महिन्याची मेहनत वाया. दर महिन्याला एका जातीचे किमान २०० मासे मोजले जावेत. त्यातल्या काहींचं पोट उघडून गाभोळी (माशाची अंडी) पाहायची. कोणत्या लांबीला निम्मे मासे वीण धरण्याजोगे होतात हे त्यातून कळतं, आणि जाळ्याचा आस ठरवताना तेच कामाला येतं.

साहित्य असं लागेल : ६० सेंटीमीटरच्या ६ मोजफळ्या (लाकडी नकोत, ओलाव्याने वाकतात), ५० किलोपर्यंतचे ४ टांगते काटे, १२ जाड पुठ्ठ्याच्या वह्या आणि शिसपेन्सिली, ओल्या कागदावर पेनाची शाई पसरते. काटा दर आठवड्याला ५ लिटर गोड्या पाण्याच्या कॅनने तपासायचा : रिकाम्या कॅनचं वजन वजा केल्यावर ५ किलो भरलेच पाहिजेत. ओल्या पाटीचं वजनही आधी वजा करायचं. रोज थोडं थोडं विसरलं तरी वर्षाअखेर फरक मोठा पडतो. वापरलेले पण चालू असलेले दोन मोबाइल मिळाले तर नोंदी त्याच दिवशी संगणकात जातील. रोख देणगीही चालेल, पावती मिळेल.

सगळ्यात मोलाची मदत मात्र घरातच पडून आहे. व्यापाऱ्यांच्या आणि होडीमालकांच्या जुन्या लिलाव-वह्या, डिझेलच्या पावत्या द्या. डिझेलवरून त्या काळी फेरी किती लांबची होती याचा अंदाज बांधता येतो. प्रत्येक पिढी आपल्या तरुणपणी पाहिलेला मासाच नेहमीचा मानते. त्याआधीचं या वह्यांतच आहे. फोटो काढून वही त्याच दिवशी परत मिळेल.

माहिती उलट आपल्याच अंगावर येईल, ही धास्ती खरी आहे. म्हणून होडीचा नंबर नाही, सांकेतिक क्रमांक लिहिला जाईल. कुणाचीही मासे धरायची जागा विचारली जाणार नाही, नकाशावरचा मोठा चौकोन पुरे. आकडे आधी धक्क्याच्या फळ्यावर लागतील, सभेत वाचले जातील, आणि सभेने होकार दिल्यावरच बाहेर जातील.

पिल्लांची जागा काही काळ बंद ठेवायची की आस वाढवायचा, हेही सभाच ठरवेल. मादागास्करमधल्या अंदावादोआका गावाने २००४ मध्ये ऑक्टोपसची एक जागा काही महिने बंद ठेवली आणि पुढे आसपासच्या गावांनीही तेच केलं. ऑक्टोपस झपाट्याने वाढतो, म्हणून तिथे फळ लवकर दिसलं. सावकाश वाढणाऱ्या माशाकडून सहा महिन्यांत तेच मागू नये.

नावं आणि वह्या लिलावाच्या शेडमध्ये सकाळच्या लिलावानंतर घेतल्या जातील. ज्यांच्या होड्या सध्या रिकाम्या येत आहेत, त्यांनी आधी यावं.