स्कॉट्सबरो : खोटी साक्ष हे अर्धेच कारण

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेतील स्कॉट्सबरो खटल्यावरील आपल्या लेखात सारे खापर दोन गोऱ्या तरुणींनी केलेल्या बलात्काराच्या खोट्या आरोपावर फोडले आहे. आरोप खोटा होता हे खरेच. पण नुसत्या आरोपावर कोणी विजेच्या खुर्चीपर्यंत पोचत नाही.

25 मार्च 1931 रोजी अलाबामातील पेंट रॉक येथे मालगाडी थांबवून नऊ कृष्णवर्णीय मुलांना उतरवले गेले. सर्वांत लहान जेमतेम तेरा वर्षांचा. 6 एप्रिलला स्कॉट्सबरो गावात खटला उभा राहिला. बचावासाठी न्यायाधीशांनी गावातल्या झाडून सगळ्या वकिलांना नेमले होते, म्हणजे प्रत्यक्षात कोणालाच नाही. ऐन वेळी शेजारच्या टेनेसी राज्यातील चॅटनूगाहून एक वकील आला, तो जमीनजुमल्याचे व्यवहार पाहणारा. अलाबामाची कार्यपद्धती आपल्याला ठाऊक नाही, हे त्यानेच कोर्टाला सांगितले. चार दिवसांत आठ जणांना देहदंड! सर्वोच्च न्यायालयाने 1932 मध्ये हा निकाल रद्द केला तो वकिलाच्याच मुद्द्यावर. साक्ष खरी की खोटी, हा प्रश्न तिथे नव्हताच.

लेखात सुटलेली मोठी गोष्ट पुढची आहे. एप्रिल 1933 मध्ये अलाबामातीलच डिकेटर येथील फेरखटल्यात, आरोप करणाऱ्या दोघींपैकी रूबी बेट्सने बलात्कार झालाच नव्हता, असे शपथेवर सांगितले. तरीही ज्यूरीने नऊ जणांपैकी हेवुड पॅटरसनला पुन्हा देहदंडच दिला. 1931 मध्ये अटकेच्याच दिवशी तपासणी करणाऱ्या डॉक्टरांना या तरुणी शांत दिसल्या होत्या, मोठी इजाही आढळली नव्हती. हा फेरखटला चालवणारे न्या. हॉर्टन यांनी हा पुरावा मुळातून तपासून जूनमध्ये निकाल फिरवला. पुढल्या वर्षी ते निवडणुकीत पडले.

तिथे ज्यूरी कशी निवडली जात होती, याचे उत्तर एका वहीत सापडते. स्कॉट्सबरो ज्या जॅक्सन काउंटीत (जिल्ह्यात) आहे, तिथल्या ज्यूरी-यादीत कृष्णवर्णीयांची नावे आहेत, असा सरकारचा दावा होता. बचावाचे वकील लीबोविट्झ यांनी ती वहीच थेट सर्वोच्च न्यायालयात नेली. जुनी नावे कुठे संपतात हे दाखवायला पानावर तांबडी रेघ ओढलेली होती आणि कृष्णवर्णीयांची नावे त्या रेघेवर चढली होती. रेघ आधीची, नाव नंतरचे! सरन्यायाधीश ह्यूजेस यांनी भिंग लावून ती पाने पाहिली. कृष्णवर्णीयांना ज्यूरीतून वगळल्याच्या कारणावरून शिक्षा रद्द करणारा 1 एप्रिल 1935 चा निकाल या शाईवर उभा आहे.

एक दुरुस्ती. 2013 मध्ये नऊही जणांना माफी मिळाली, असे छापले आहे. तेव्हा मरणोत्तर माफी मिळाली ती तिघांनाच : पॅटरसन, चार्ली वीम्स आणि अँडी राइट. क्लॅरेन्स नॉरिसला ती 1976 मध्येच, हयातीत मिळाली होती. उरलेल्या पाच जणांवरचा बलात्काराचा आरोप 1937 मध्ये सरकारनेच मागे घेतला होता. त्यातला एक इतका आजारी होता की काठीशिवाय चालता येत नसे आणि दुसऱ्याला जवळपास दिसतच नव्हते. 1931 साली देहदंड झालेल्या आठांत हे दोघेही होते.

आपला,
एक वाचक