उचल कुठल्या रकान्यात?

पुणे,
रविवार दुपार

प्रिय नीला,

तुझं पत्र हातात पडलं तेव्हा मी दळणाचा डबा घेऊन दारात उभी होते. डबा तिथेच ठेवला आणि दोनदा वाचून काढलं.

तुमच्या ऊसतोड मजुरांच्या पाहणीत ‘उचल’ उत्पन्नात धरायची की कर्जात, यावरून तुझे दोन सहकारी एकमेकांशी बोलेनासे झाले. आणि तू वैतागून लिहितेस, "आम्ही मोजायला बसलोय, न्यायनिवाडा करायला नाही." अगं, पण हंगामाआधी मजूर जमवणारा मुकादम जोडप्याच्या हातात जी रक्कम ठेवतो ती काय आहे, हे ठरवल्याशिवाय मोजणार कशी? तुझ्या एका सहकाऱ्याच्या मते ती आगाऊ मजुरी. मजूर घासाघीस करून ती घेतो, त्यात पोरीचं लग्न उरकतो. त्याला उगीच बापुडवाणा का करायचा? दुसरीच्या मते ते कर्ज, फिटलं नाही तर पुढच्या हंगामालाही पाय अडकवणारं. वेठबिगारी बंद करणाऱ्या १९७६च्या कायद्यात अशा आगाऊ रकमेचा उल्लेख आहे, तेव्हा तिचं म्हणणंही हवेतलं नाही. दोघांच्या कागदावर रक्कम तीच, रुपयाचा फरक नाही. भांडण आहे ते माणसाला काय म्हणायचं यावरचं.

मला मात्र तुमच्या तक्त्यातलं दुसरंच काहीतरी खुपलं. एकक ‘कोयता’, म्हणजे नवरा-बायको मिळून एक. ती पहाटे उठून भाकऱ्या थापते, दिवसभर मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत चढवते, आणि तुमच्याकडे ती अर्धा कोयता! हे माप मुकादमाचं, त्याच्या हिशोबाच्या सोयीचं. तुम्ही ते जसंच्या तसं छापलंत आणि त्यावर कोणी हूं की चूं केलं नाही. उचलीवर निदान दोघं भांडली तरी. सगळ्यांची मान एकदम हलते ना, तिथे मला जास्त धास्ती वाटते.

पुण्यात तर कोणाला गरीब म्हणायचं हा वाद आपल्या शिक्षकांच्या पिढीनेच घातलाय. दांडेकर आणि रथ या अर्थतज्ज्ञांनी १९७१ साली माणशी रोज २,२५० उष्मांक धरून हिशोब मांडला: १९६०-६१मध्ये खेड्यांतली निदान एक तृतीयांश आणि शहरांतली जवळपास निम्मी माणसं तेवढंही खाऊ शकत नव्हती. मग त्याविरुद्ध सुखात्मे उभे राहिले. तेही दांडेकरांसारखे सातारा जिल्ह्यातले, संख्याशास्त्रात मुरलेले, रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न संघटनेत काम करून परतल्यावर पुण्यात राहिलेले. त्यांचं म्हणणं, एकाच माणसाची गरज दिवसागणिक कमीजास्त होते, शरीर जुळवून घेतं. सरासरीच्या खाली दिसला की उपाशी, असं धरलंत तर गरिबी फुगते. वर्षानुवर्षं खणाखणी चालली. शरीर किती जुळवून घेतं हे तपासता येतं. पण ते किती जुळवून घ्यायला लावणं आपल्याला चालेल, याला कुठली तपासणी? पुढे एका परदेशी अर्थतज्ज्ञाने कमी खाऊन खुरटलेल्यांसाठी ‘लहान पण निरोगी’ असा शब्द काढला, तेव्हा पोषणतज्ज्ञ गोपालन यांनी तो अजिबात खपवून घेतला नाही. मी मनाने दांडेकरांच्या बाजूची, हे तुला ठाऊक आहे. तरी एक कबूल करते. घाण पाण्यामुळे खाल्लेलं अंगी लागत नाही, नुसतं धान्य पुरवून भागायचं नाही, हे सुखात्म्यांनी हट्टाने मांडलं. दांडेकरांशी पटलं असतं तर त्यांनी ते इतकं उगाळलं असतं का?

आणि दारिद्र्यरेषा ठरवणाऱ्या समितीचे प्रमुख, अर्थतज्ज्ञ सुरेश तेंडुलकर, त्यांचं तर नशीबच बघ. २०११च्या सप्टेंबरात त्यांच्या पद्धतीने काढलेल्या रेषेचे, शहरात दिवसाला ३२ रुपये, खेड्यात २६, हे आकडे सर्वोच्च न्यायालयात गेले आणि देशभर टिंगल झाली. पण त्यांच्याच समितीने खेड्यातली रेषा वर सरकवली होती. २००४-०५ची ग्रामीण गरिबी त्यामुळे २८.३वरून ४१.८ टक्क्यांवर गेली. हे सांगायला ते स्वतः नव्हते, जूनमध्येच गेले. १९६२ साली नियोजन आयोगाच्या गटाने आखलेल्या रेषेत तर आरोग्य-शिक्षणाचा खर्चच धरला नव्हता. ते सरकार देईल, असं गृहीत होतं. रेषा पुढे चालत राहिली, दवाखान्याचं बिल मात्र माणसाच्या खिशातून जात राहिलं.

आपली पहिली पाहणी आठवते? त्या मावशींना तू विचारलंस, महिन्याला गोडेतेल किती? त्या म्हणाल्या, पाव किलो. तेवढ्यात शेजारीण येऊन उंबऱ्यावर टेकली, तशा म्हणाल्या, "एक किलो लिही गं." तू पावच लिहिलंस. मी म्हटलं, त्यांनी सांगितलं ते लिही. तू म्हणालीस, खरं ते लिहायचं. एसटी येईपर्यंत फाट्यावर उभ्या राहून भांडलो, आणि गाडीत वेगवेगळ्या बाकांवर बसलो. मला अजूनही वाटतं, त्या कागदावर दोन्ही आकडे हवे होते, आणि मधे शेजारीण आली हेही.

तर त्या दोघांना वेगळं करू नकोस. तेच वीस फॉर्म दोघांना स्वतंत्रपणे भरायला दे आणि कुठे कुठे फाटे फुटतात ते एकत्र बसून बघा. एकानेही दुसऱ्याला ‘कारखान्याचा माणूस’ किंवा ‘चळवळवाली’ म्हणायचं नाही, एवढी अट घाल. ते शब्द आले की पुढचं कोणी ऐकत नाही. आणि बायकांना वेगळं गाठ, मुकादम नसताना. पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, किती जणी उचल ‘फिटली’ म्हणतात आणि किती जणी ‘अंगावर राहिली’ म्हणतात, ते मला कळव.

गिरणी पाचला बंद होते. निघते.

तुझी,
सुमन