आधी डुकरं, मग झाडं: वनमंत्र्यांना खुले पत्र

मा. वनमंत्री महोदय,

स.न.वि.वि.

नदीकाठी झाडं लावण्याआधी दाट गवत उकरून माती उघडी करायला पाळीव डुकरं कामी येतात. पण लागवडीत रोपं आणि डुकरं एकाच वेळी, एकाच पट्ट्यात नकोत, एवढंच आमचं मागणं आहे. नुकता भरलेला खड्डा म्हणजे भुसभुशीत माती आणि गांडुळं. डुक्कर आधी तिथेच मुसंडी मारतं. रोपाभोवतीची जाळी तर ते नाकाडाने सहज उचलतं.

पूर ओसरून जमिनीत पाय रुतेनासा झाला की डुकरं सोडावीत. चिखलात सोडली तर माती तुडवून दगड होते. हेक्टरी १० पुरेत. निम्मी जमीन उकरली गेली की पुढच्या तुकड्यात हलवावीत, ठरलेल्या तारखेची वाट पाहू नये. पोट भरलेलं डुक्कर उकरत नाही, म्हणून खाद्य थोडंच, तेही दाट गवतात विखरून. लव्हाळ्याचे गड्डे ती आवडीने काढून खातात. बेशरम ही झुडपी वनस्पती मात्र आधी माणसांनी मुळासकट काढावी: ती जनावरांना विषारी, आणि तुटलेला तुकडाही रुजतो.

विजेच्या कुंपणाला २० आणि ४५ सेंटिमीटरवर दोन तारा पुरतात. पण उकरलेली माती खालच्या तारेवर चढते, प्रवाह जमिनीत उतरतो आणि कुंपण निकामी होतं. ती माती रोज ओढावी लागते. ही मजुरी अंदाजपत्रकात धराच. पाण्यालगतचे १० मीटर कुंपणाबाहेर ठेवावेत, नाहीतर माती आणि विष्ठा थेट नदीत जाते.

डुकरं हलवल्यावर लागवडीची घाई नको. वाळुंज या नदीकाठच्या झाडाचं बी कापसासारखं उडतं, काही आठवड्यांतच रुजेनासं होतं आणि त्याला उघडी, ओली माती लागते. जवळ जुनी वाळुंजं असतील तर तिथे खड्ड्यांवर खर्च कशाला? नसतील तर अंगठ्याएवढ्या जाडीचे ५०-६० सेंटिमीटरचे फाटे, डोळे (कोंब फुटतात त्या जागा) वर ठेवून, दोन तृतीयांश जमिनीत रोवावेत. करंज, उंबर, जांभूळ काठाच्या वरच्या अंगाला, पावसाच्या तोंडावर. खोड मनगटाएवढं होईपर्यंत डुकरं परत आणू नयेत.

रानडुकरांचा वावर असेल तिथे आफ्रिकन स्वाइन फीवर या डुकरांच्या जीवघेण्या साथरोगाचा धोका आहे. तिथे कुदळच बरी.

आणि ठेकेदाराचं शेवटचं बिल खड्डे मोजून नव्हे, तिसऱ्या उन्हाळ्यानंतर जगलेली झाडं मोजून काढावं.

आपले,
नदीकाठच्या लागवडीचं काम करणारे