वीज आली, सर्व्हर सुरू झाला. पण घड्याळ पाहिले का?

संपादक महोदय,

वीज नियोजित देखभालीसाठी बंद राहणार असली की पतसंस्था, महाविद्यालये, छोटी रुग्णालये आपला सर्व्हर यूपीएसवर असतानाच रीतसर बंद करतात. त्या एका सर्व्हरवर हल्ली चार-सहा व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरने उभे केलेले आभासी संगणक, चालतात. वीज आल्यावर त्या सुरू होतात, पण त्यांचे घड्याळ कोणी पाहत नाही.

केव्हीएम ही लिनक्समधील व्हर्च्युअल मशीन चालवणारी यंत्रणा; तिच्या होस्टवर, म्हणजे मूळ सर्व्हरवर, तो बंद होताना या मशीनचे काय करायचे ते ‘लिबव्हर्ट-गेस्ट्स’ ही सेवा ठरवते. तिची मूळ सेटिंग ‘सस्पेंड’ आहे. काही लिनक्समध्ये ती बदललेली असते, म्हणून या सेवेची सेटिंगची फाइल उघडूनच खात्री करावी. सस्पेंडमध्ये मशीनची मेमरी जशीच्या तशी डिस्कवर उतरते. सकाळी ९ ला थांबवलेली मशीन दुपारी २ ला उठते, ती ९ च वाजलेत असे धरून. ती नव्याने बूट झालेली नसते, त्यामुळे बूट होताना वेळ जुळवणारी कोणतीच पायरी चालत नाही. ‘इंटरनेटवरून वेळ जुळवणारा क्रोनी प्रोग्राम आहे की’ म्हणून निर्धास्त राहू नये. ‘मेकस्टेप १.० ३’ या नेहमीच्या सेटिंगमध्ये क्रोनी फक्त सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या ३ अपडेटपर्यंत घड्याळ एकदम हलवते. नंतर हळूहळू सरकवते, जास्तीत जास्त एक-द्वादशांश वेगाने, म्हणजे तासाला ५ मिनिटे. म्हणजे ५ तासांची तूट भरायला ६० तास! तोवर पावत्यांवर चुकीची वेळ पडते, ऑथेंटिकेटर अ‍ॅपचे ३० सेकंदांचे कोड जुळत नाहीत, आणि ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक दिसला की कर्बेरॉस ही नेटवर्कवर ओळख पटवणारी यंत्रणा लॉगिनच नाकारते.

डेटाबेस असलेली मशीन सस्पेंड न करता ‘शटडाउन’च करावी. मात्र त्यासाठी यूपीएसचा हिशेब हवा. बंद होण्यासाठी दिलेली मुदत ३०० सेकंदांची असेल आणि मशीन एकामागून एक बंद होत असतील, तर ती मुदत प्रत्येकीला वेगळी मिळते. ६ मशीनना ३० मिनिटे लागू शकतात. यूपीएस तेवढा टिकत नसेल तर ‘पॅरलल शटडाउन’ (एकाच वेळी किती मशीन बंद करायच्या) ही सेटिंग ६ ठेवावी, मग तीच मुदत सर्वांना मिळून लागू होते.

सस्पेंडच हवे असेल तर मशीनमध्ये ‘क्यूएमयू गेस्ट एजंट’ हा होस्टचे आदेश मशीनमध्ये पाळणारा छोटा प्रोग्राम बसवावा आणि होस्टवर लिबव्हर्ट-गेस्ट्सची ‘सिंक टाइम’ सेटिंग १ करावी. हाताने करायचे तर आधी होस्टची वेळ तपासा, मशीनमधील अ‍ॅप्लिकेशन थांबवा, होस्टवरून ‘व्हर्श डोमटाइम’ हा आदेश ‘सिंक’ पर्याय देऊन चालवा, मग अ‍ॅप्लिकेशन सुरू करा. हा आदेश मशीनच्या आरटीसीवरून (हार्डवेअर घड्याळावरून) वेळ लावतो आणि आरटीसी होस्टच्या घड्याळावर चालतो. म्हणूनच त्याआधी मशीनमध्ये ‘एचडब्ल्यूक्लॉक’ आदेशाने आरटीसीत वेळ लिहू नये, बरोबर असलेले एकमेव घड्याळही बिघडते. फरक नेमका साडेपाच तासांचा असेल तर कारण बहुधा वेगळे असते: विंडोज मशीनच्या आरटीसीला ‘लोकलटाइम’ (स्थानिक वेळ) आणि लिनक्सच्या आरटीसीला ‘यूटीसी’ (जागतिक प्रमाणवेळ) हवे, ते उलटे झालेले असते.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संस्थांनी आपली घड्याळे एनआयसी (राष्ट्रीय माहिती-विज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जोडायची आहेत आणि लॉग, म्हणजे संगणकातील घडामोडींच्या नोंदी, १८० दिवस जपायचे आहेत. वेळच चुकलेली असेल तर त्या लॉगवरून काय शोधणार? संचालक मंडळांनी वार्षिक देखभाल करारात एक अट घालावी: वीज आल्यानंतर प्रत्येक मशीनची वेळ होस्टशी ताडून, नोंदवहीत लिहून, मगच काउंटर उघडायचा.

— एक सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, नाशिक