विजेतेपद मिळवूनही बंद पडलेला संघ: सायलीस पत्र

कोल्हापूर

चि. सायलीस अनेक आशीर्वाद.

लंडनच्या वुड लेनवरून रोज कॉलेजला जातेस, असे तू परवा फोनवर सांगितलेस, तेव्हापासून हे पत्र मनात घोळत होते. माझ्या वर्कशॉपच्या कपाटात काकांनी 1977 साली लंडनहून पाठवलेली स्पीडवेच्या, म्हणजे मोटारसायकलींच्या सांघिक शर्यतींच्या, सामन्याची एक पत्रिका आहे. लहानपणी ती चाळून तू विचारले होतेस, की जिंकणारा व्हाइट सिटी रेबेल्स संघ बंद का पडला? तेव्हा नीट उत्तर दिले नाही, ते आज देतो.

ती पत्रिका आठव. प्रत्येक शर्यतीसाठी चार रायडरांची नावे आणि पुढे मोकळे रकाने. त्यांत काकांनी पेन्सिलने पहिल्यापासून चौथ्यापर्यंत 3, 2, 1, 0 असे गुण भरले आहेत आणि मध्येच कुठे ‘पडला’, कुठे ‘इंजिन बंद’ असे मराठीत लिहिले आहे. त्या मोटारसायकलींना पाचशे सीसीचे एकच सिलिंडर, पेट्रोलऐवजी मिथेनॉल, गियर एकच आणि ब्रेक मुळीच नाहीत. फीत वर उडाली की चौघे एकदम सुटतात, वळणावर मागचे चाक मुद्दाम घसरवत, पोलादी पत्रा बसवलेला डावा बूट जमिनीला टेकवत, चार फेऱ्या मारतात आणि मिनिटभरात सगळे संपते. तेव्हाच्या सामन्यात अशा तेरा शर्यती असत, म्हणजे एकूण 78 गुण. 40 झाले की सामना हाती आला. गाड्यांच्या दुरुस्तीत आयुष्य घालवलेल्या माणसाला याचे वेड का लागते, हे तुला वेगळे सांगायला नको.

तुझ्या कॉलेजशेजारचा तो व्हाइट सिटी रेबेल्स संघ मूळचा लंडनचा नव्हताच. तो ऑक्सफर्डचा, मोटारींच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या काउली भागातला. 1975 मध्ये तिथले स्टेडियम बांधकामासाठी विकले जाण्याची चिन्हे दिसू लागली, तेव्हा संघ चालवणारे डॅनी डंटन आणि बॉब डुगार्ड यांनी ‘रेबेल्स’ हे नाव आणि खेळाडू घेऊन 1976 च्या हंगामासाठी लंडनचे व्हाइट सिटी स्टेडियम गाठले. त्यांना मी दोष देत नाही. छप्पर जाणार असे दिसल्यावर कोणीही दुसरे घर शोधतो. पण पुढे जे झाले त्याची मला आजही हळहळ वाटते. काउलीचे स्टेडियम वाचले, आणि त्याच 1976 मध्ये तिथे ऑक्सफर्ड चीताज या जुन्या नावाने खालच्या लीगमध्ये नवा संघ उतरला. ज्या प्रेक्षकांनी रेबेल्सना वाढवले, त्यांना घराजवळच स्पीडवे मिळाला. रेबेल्स मात्र परक्या वस्तीत उभे राहिले.

आणि ते घर तरी केवढे! व्हाइट सिटीचे स्टेडियम 1908 च्या ऑलिंपिकसाठी बांधलेले. मॅरेथॉनचे 42.195 किलोमीटर हे अंतर त्याच ऑलिंपिकच्या शर्यतीतून आले, आणि इटलीचा दोरांदो पिएत्री अखेरच्या टप्प्यात वारंवार कोसळला, त्याला हात देऊन रेषेपार नेले म्हणून तो बाद ठरला, तेही तिथेच. पुढे ते ग्रेहाउंड कुत्र्यांच्या शर्यतींचे मोठे केंद्र झाले. असल्या अवाढव्य जागेत काही हजार माणसे बसली, तरी स्टँड ओसाडच दिसणार, आणि तिथे नवख्या संघाला दर आठवड्याला गर्दी खेचायची होती.

संघ मात्र खरोखरच चांगला होता. गॉर्डन केनेट त्याचा मुख्य रायडर. सोबत ट्रेव्हर गीअर, स्टीव्ह वेदर्ली आणि पोलंडचा मारेक चेश्लाक. लंडनमधल्या दुसऱ्याच हंगामात, 1977 मध्ये, या मंडळींनी ब्रिटिश लीगचे विजेतेपद मिळवले. तरीही प्रेक्षक वाढले नाहीत. 1978 मध्ये केनेट वेम्बलीच्या जागतिक अंतिम फेरीत डेन्मार्कच्या ओले ओल्सेनच्या मागे दुसरा आला, माल्कम सिमन्सच्या जोडीने त्याने जागतिक जोडी स्पर्धाही जिंकली, आणि त्याच हंगामाच्या शेवटी त्याचा संघ बंद झाला. तीन उन्हाळे, एवढेच आयुष्य. 1979 मध्ये लीगमधली त्यांची जागा ईस्टबोर्नच्या संघाने घेतली, आणि केनेटही तिकडेच गेला.

तुझ्या प्रश्नाचे माझे उत्तर असे, की रेबेल्सकडे रायडर होते, इंजिने होती, विजेतेपदही आले; नव्हती ती फक्त त्यांना आपले म्हणणारी वस्ती. सामना संपल्यावर घरी जाताना ‘आज आपण जिंकलो’ असे म्हणणारी माणसे ऑक्सफर्डमध्ये राहिली होती, आणि लंडनमध्ये ती तयार व्हायला तीन वर्षे पुरली नाहीत.

स्टेडियम 1985 मध्ये पाडले आणि त्या जागी बीबीसीच्या इमारती आल्या. 1908 च्या मॅरेथॉनची शेवटची रेषा तिथल्या फरशीवर दाखवलेली आहे, ती पाहून ये. पत्रिका तुझ्या आईबरोबर पाठवतो आहे, जपून हाताळ. तिच्यात तेराव्या शर्यतीचे चारही रकाने कोरे आहेत. सामना इतका अटीतटीचा झाला, की पेन्सिल हातातच राहिली, असे काका सांगत.

तुझा,
बाबा